पौष ते ज्येष्ठ

दुर्गाबाई भागवतांचा जन्म इंदूरचा, १९१० सालचा. इथल्या मराठी घरांतसुद्धा ही गोष्ट फारशी बोलली जात नाही, याचं मला वाईट वाटतं. अहिल्याबाईंचं नाव आमच्या विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे, ग्रंथालयाला आहे आणि ते असायलाच हवं. पण मराठी गद्याला इतकं डोळस करणारी एक बाई याच गावात जन्मली, हे शाळेतल्या मुलांना कुणी सांगत नाही. यंदा जानेवारीत त्यांचं 'ऋतुचक्र' पुन्हा हातात घेतलं ते या आपलेपणाच्या हक्कानं.

१९५६ साली आलेलं हे पुस्तक चैत्रापासून सुरू होतं. मी पौषापासून सुरू केलं. जो महिना चालू असेल त्याचंच प्रकरण वाचायचं आणि महिना सरेपर्यंत पुढचं पान उलटायचं नाही, असं ठरवलं होतं. ते पाळणं अवघड गेलं, कारण दुर्गाबाईंचं वाक्य संपलं की पुढचं हवंच असतं. पण त्यामुळे एकेक प्रकरण अनेकदा वाचून झालं आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीतलं माझं सगळंच वाचन या महिन्यांच्या ठेक्यावर चाललं. बाकीची पुस्तकं मधल्या मोकळ्या दिवसांत येत गेली.

दुर्गाबाई 'सुंदर' म्हणून पुढे निघून जात नाहीत. त्या झाडापाशी थांबतात आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतात. आज पालवीचा रंग कसा आहे, थोड्या दिवसांनी कसा होतो, हे त्यांना नीट पाहायचं असतं. संस्कृत काव्य, लोकांच्या तोंडची गाणी, वनस्पतिशास्त्र हे सगळं त्यांच्या एका परिच्छेदात सहज नांदतं. मात्र त्यांचे ऋतू समुद्राजवळचे, दमट हवेतले. आमचा माळवा पठारावरचा, कोरड्या हवेचा. मुंबईच्या वैशाखात घाम आहे, आमच्याकडे दुपारी लू आहे आणि रात्री गच्चीवर गार वारा आहे. शब-ए-मालवा म्हणतात ती तीच रात्र. त्यामुळे वाचता वाचता मी मनात समासात लिहीत गेले. फाल्गुनात पातालपाणी आणि चोरलच्या बाजूला पळस पेटलेला असतो, ते इथे. चैत्रात शरबती गहू घरी येतो, वर्षाचा गहू उन्हात घालून, निवडून कोठीत भरायची घाई असते, ते इथे. मेमध्ये इंदूरच्या रेसिडेन्सी भागातल्या रस्त्यांवर बहावा पिवळाधमक होतो, ते इथे. असा समास भरायला लावणारं पुस्तक मला नुसत्या वाचायच्या पुस्तकापेक्षा जास्त प्रिय आहे. दुसऱ्याचं पाहणं वाचून आपलं पाहणं सुरू व्हावं, याहून लेखकाकडून आणखी काय मागायचं? 'वसंतहृदय चैत्र' वाचून मी रोज सकाळी कॉलनीतल्या पिंपळाखाली उभी राहू लागले. दूधवाल्या भैयानं दोनदा विचारलं, 'भाभीजी, कुछ गिर गया क्या?' मी त्याला वरची कोवळी पानं दाखवली. तोही मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

माघाच्या सुमारास शरच्चंद्र मुक्तिबोधांची 'क्षिप्रा' हाती आली आणि माझी सहामाही खऱ्या अर्थानं तिथे वळली. पुस्तकाच्या दुकानांत ती मला मिळाली नाही. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांतही शोधून झालं. शेवटी एका ओळखीच्या काकांच्या कपाटातून निघाली, पिवळी पडलेली, शिवण सुटत आलेली. पहिल्यांदा तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि मग वाचायला बसले.

'क्षिप्रा' १९५४ची. पुढे 'सरहद्द' १९६२ साली आणि 'जन हे वोळतु जेथे' १९६९ साली आली, आणि या तिन्ही मिळून एक मोठी कथा होते. एका मराठी घरातल्या मुलाचं वाढत जाणं आणि त्याच्याभोवती तापत चाललेला स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ. कथेचा गाभा एवढाच सांगितला तर ती इतर कादंबऱ्यांसारखी वाटेल. पण मी चाळिशी ओलांडेपर्यंत मराठी कादंबऱ्या वाचत आले, त्यात सदाशिव पेठ होती, गिरगाव होतं, कोकणातली घरं होती, विदर्भ होता. मी ती सगळी ठिकाणं न पाहता ओळखायला शिकले. नदी म्हटलं की मुठा, नाहीतर कृष्णा. इथे कादंबरीच्या नावातच आमची नदी आहे. ज्या नदीवर आम्ही सिंहस्थाला जातो, जिचा उगम इंदूरपासून हाकेच्या अंतरावर आहे, जिला आमच्या शहराची कान्ह नदी उज्जैनजवळ मिळते, ती. माळव्यातल्या मराठी माणसाचं आयुष्य कादंबरीचा विषय होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही जिथे राहता त्या गावाचं नाव पुस्तकात कधी सापडलंच नसेल, तर ते सापडल्यावर काय होतं हे पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणं कठीण आहे. त्यांच्यासाठी ते रोजचं आहे.

पुस्तकाची सगळी पानं सारखी उतरलेली नाहीत. काही ठिकाणी चिंतन कथेच्या पुढे धावतं आणि माणसं मागे राहतात. शरच्चंद्र मूळचे कवी आणि विचारवंत. 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' हे त्यांचे कवितासंग्रह, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा विचार करणारा माणूस कादंबरीतही गप्प बसत नाही. मला ते आवडलं. माझ्या मैत्रिणीनं मात्र निम्म्यावर पुस्तक परत दिलं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. संथपणा सोसायची तयारी असेल त्यानंच घ्यावं.

'क्षिप्रा' वाचून संपली त्या आठवड्यात मी शरच्चंद्रांच्या थोरल्या भावाकडे वळले. गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीतले मोठे कवी. १९१७ साली श्योपूरला जन्म, वडील पोलीस खात्यात, त्यामुळे सतत बदल्या, शिक्षण उज्जैनला आणि मग इंदूरला. आमच्या होळकर कॉलेजातून १९३८ साली ते बी.ए. झाले. माझी मुलगी एम.ए.ला हिंदी घेऊन शिकते आहे. 'अंधेरे में' ही त्यांची दीर्घ कविता तिला अभ्यासाला होती, लांबलचक टिपणं काढून पाठ केलेली. ती म्हणाली, 'आई, हे आपल्यातले होते?' मी म्हटलं, 'घरात मराठी बोलायचे गं. भाऊ मराठीत लिहायचा.' ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनंच 'एक साहित्यिक की डायरी' काढून दिली.

मराठी वाचकांनी ही डायरी जरूर वाचावी, हिंदी येत असेल तर मुळातून. नाव डायरी असलं तरी रोजनिशी नाही. मित्रांशी गप्पा आहेत, वाद आहेत, रस्त्यानं चालताना सुचलेलं आहे. 'तीसरा क्षण' या लेखात केशव नावाचा मित्र आहे आणि त्याच्याशी बोलता बोलता मुक्तिबोध कलेचे तीन क्षण सांगतात. पहिला क्षण जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एक कल्पनाचित्र होऊन उभा राहतो. तिसऱ्यात ते चित्र शब्दांत उतरायला लागतं, आणि उतरता उतरता बदलतं. साहित्यशास्त्राचा इतका अवघड विषय दोन मित्रांच्या बोलण्यातून मांडायचा, ही ताकद मला थक्क करून गेली. मी ललित लिहिते, थोडंफार. तिसऱ्या क्षणी अनुभव बदलतो हे मला हाताला जाणवलेलं होतं, पण ते इतकं स्पष्ट कुणी मांडलेलं वाचलं नव्हतं.

डायरी आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा कवितासंग्रह, दोन्ही १९६४ची. त्याच सप्टेंबरात दिल्लीत मुक्तिबोध गेले. आपला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांनी छापलेला पाहिला नाही. 'तार सप्तक' हे सात हिंदी कवींचं संकलन १९४३ साली निघालं तेव्हा त्यातल्या सात कवींपैकी दोघांच्या घरी मराठी बोलली जायची, मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे. नव्या हिंदी कवितेच्या पहिल्या पंगतीत माळवा-ग्वाल्हेरची ही दोन मराठी घरं होती, याचा मला अभिमान वाटतो.

मुक्तिबोधांचा आणखी एक छोटा लेख आहे, 'मेरी माँ ने मुझे प्रेमचंद का भक्त बनाया'. त्यांची आई हिंदी मुलखात वाढलेली. प्रेमचंद आणि आपले हरिभाऊ आपटे, दोघेही तिचे आवडते. मला या बाईंना भेटावंसं वाटतं. स्वयंपाकघरात एकीकडे हरिभाऊ, एकीकडे प्रेमचंद, आणि त्या घरातून एक मुलगा हिंदीत गेला, एक मराठीत. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नसणार. आमच्या घरांत आजही तसंच आहे. नवऱ्याशी मराठी, भाजीवालीशी माळवी वळणाची हिंदी, मुलीशी दोन्ही. बाहेरून आलेले नातेवाईक आमच्या मराठीतल्या हिंदीवर बोट ठेवतात. त्यांना मी इथून पुढे या दोन भावांची पुस्तकं देणार आहे. दोन भाषा एकाच ताटात वाढलेल्या घरातून किती सकस लिखाण येऊ शकतं ते त्यांनीच बघावं.

फाल्गुन-चैत्रात दोन जुनी पुस्तकं एकापाठोपाठ वाचली आणि ती मी एकटीनं वाचली नाहीत. रामबागेत माझी आत्या राहते. तिची नजर अधू झाली आहे, मोठ्या टाइपाचंही वाचवत नाही. दुपारी तिच्याकडे जाऊन मी मोठ्यानं वाचायचे.

आधी विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, आणि बंडाच्या मधोमध सापडला. इंदूरजवळच्या महू छावणीकडच्या वाटेवर शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागते ती पानं वाचताना आत्या सावरून बसली. कारण पुढचं तिला ठाऊक होतं. १ जुलै १८५७ला महूची पलटण उठली आणि त्याच दिवशी इंदुरात होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानानं इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. बहावा फुलतो म्हणून मी जिथे फिरायला जाते, तीच जागा.

गोडसे पुढे ग्वाल्हेर, झाशी असे गेले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. लढाईची वर्णनं बखरींमधून आपण पुष्कळ वाचलेली असतात. गोडसे योद्धा नव्हते, म्हणून त्यांचं लिहिणं वेगळं. लपून बसलेल्या, तहानलेल्या, जीव मुठीत धरलेल्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच ते सांगतात. राणीबद्दल आदर आहे, पण तिच्या रोजच्या वागण्यातले बारकावेही आहेत. आणि झाशी लुटली गेली तेव्हा सोन्यानाण्याबरोबर तिथल्या पुस्तकालयाची वाताहत झाली, त्याचं दुःख त्यांनी ज्या कळवळ्यानं सांगितलं आहे तिथे मला वाचताना थांबावं लागलं. ग्रंथ ही ज्याची उपजीविका आणि श्रद्धा, त्याचा तो आक्रोश आहे. अखेर पैसा गाठीला न लागता गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं लिहून काढलं, आणि ते छापून आलं १९०७ साली. ते फेरफार केलेलं रूप होतं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत पुढे १९६६ साली आली. वाचायची तर तीच वाचावी, गोडशांचा खरा आवाज तिच्यात आहे.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. हे मी आधीही वाचलं होतं, कॉलेजात. तेव्हा हसले होते. आत्याला वाचून दाखवताना समजलं की हसण्यासारखं जे आहे त्याच्या तळाशी केवढं भय आहे. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेले. तिकडे गोडसे झाशीतून वाचून घरी आले, इकडे एका घरातला कर्ता माणूस परत आला नाही. त्या घरात पुढे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, माणसांनी धाकात राहायचं. लक्ष्मीबाई ते इतक्या खेळकरपणे सांगतात की वाचणारा आधी हसतो. आत्या मात्र हसली नाही. ती म्हणाली, 'आमच्या सासूबाई अशाच होत्या गं. किती खरं बोलून राहिलीय ही.' आणि मग तिनं सासरच्या विहिरीची, ओल्या लुगड्यांची, पोटात दिवस असताना काढलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं मी तिच्याकडे जाते-येते, ही गोष्ट तिच्या तोंडून कधी आली नव्हती.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं ताटातुटीची. सोवळ्याच्या धाकात वाढलेली ही बाई आपल्या मनाशी झगडत झगडत जातीचा विचार सोडून देते, तो प्रवास माझ्या मते मराठीतल्या सगळ्या आत्मचरित्रांत सर्वांत धाडसी आहे. त्यात कुठेही भाषण नाही. नवऱ्याच्या लहरीपणाचा त्रास त्या लपवत नाहीत आणि त्याच्यावरचं प्रेमही लपवत नाहीत. शाळेत न गेलेल्या या बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं, ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं केलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला आणि १९३६ साली त्या गेल्या. आत्यानं विचारलं, 'हिला लिहायला कुणी शिकवलं?' मी म्हटलं, 'अक्षरओळख टिळकांनी करून दिली. लिहिणं तिचं तिचंच.' आत्या म्हणाली, 'मग मलाही एक वही आणून दे.' मी जाड रेघांची आणून दिली आहे. ती बोलते आणि मी लिहून घेते, कारण तिला ओळ दिसत नाही. 'स्मृतिचित्रे'त माळव्याचं काहीही नाही, पण सहा महिन्यांत सर्वांत खोल गेलं ते हेच. आपल्या गावाचं नाव शोधत वाचणारीला हे कबूल करायला काही अडचण नाही. 'क्षिप्रे'नं मला माझी जागा दिली आणि लक्ष्मीबाईंनी माझ्या आत्याला बोलतं केलं.

वैशाख-ज्येष्ठात उन्हामुळे वाचन कमी झालं. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' अर्धी झाली आहे. ती पुरी झाल्यावरच तिच्याबद्दल बोलेन. अमृतलाल वेगडांचं 'सौंदर्य की नदी नर्मदा' मात्र एका दमात संपवलं. वेगड घरचे गुजराती, राहायला जबलपूरला, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, त्यांनी नर्मदेच्या काठानं चालायला सुरुवात केली आणि तुकड्यातुकड्यानं चालत राहिले. पुण्य मिळवायच्या हिशेबानं लिहिलेली परिक्रमेची पुस्तकं पुष्कळ आहेत. हे चित्रकाराचं पुस्तक आहे. वळण, खडक, सकाळचं धुकं, आणि पोटभर जेवू घालणारी काठावरची गरीब माणसं. धरणांच्या पाण्याखाली जाण्याआधीचा तो काठ त्यांनी पायांनी पाहिला. २००४ साली धरणाच्या पाण्यात हरसूद गाव बुडालं तेव्हाच्या बातम्या मला आठवतात, म्हणून ती पानं जास्त लागली.

आमच्या घरात दोन नळ आहेत, एक बोअरिंगचा, एक नर्मदेचा. १९७८ साली इंदुरात नर्मदा आली. नर्मदाकाठच्या जलूदहून पंपानं, विंध्य चढून. दिवसाआड पहाटे पाणी येतं आणि मी पिंप भरायला उठते. वेगड वाचल्यापासून मी मुलीला पिंप भरून वाहू देत नाही, ओरडून नळ बंद करायला लावते. २०१४ पासून तर नर्मदेचं पाणी क्षिप्रेतही सोडतात. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आहेत, कारण आता त्या नद्याही वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

'ऋतुचक्र' ज्येष्ठापर्यंत आलं. पहिला पाऊस पडून गेला, आषाढ सुरू होईल. 'सरहद्द' एका नातेवाइकांनी नागपूरहून पाठवायचं कबूल केलं आहे. 'जन हे वोळतु जेथे' अजून कुठे मिळालेलं नाही. इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर, कुठल्याही मराठी घरात आजोबांच्या कपाटात शरच्चंद्र मुक्तिबोधांचं एखादं पुस्तक असेल, तर घर आवरताना ते रद्दीत घालू नका. वाचून झालं असेल तर जवळच्या मराठी ग्रंथालयाला द्या. तेही जमत नसेल तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.